दाढ म्हणजे अडकित्ता नव्हे

(रत्नागिरी जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात एका दंतवैद्यांनी दिलेले भाषण)



एरवी या कार्यक्रमात आपण आंब्यावरचे तुडतुडे, भातावरचा करपा, सुपारीवरचा कोळेरोग यांची माहिती ऐकता. आज मी दाढेविषयी बोलणार आहे, आणि तीही आपल्या स्वतःच्या. बैल घ्यायला बाजारात गेलात की आपण पहिल्यांदा काय करता? त्याचा ओठ वर करून दात बघता. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, हे पाहिल्याशिवाय पैशाची गोष्ट निघत नाही. पण घरच्या कर्त्या माणसाच्या तोंडात शेवटचे कधी कोणी पाहिले होते, असे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर मिळायचे नाही.

दाताला कीड लागते हे सर्वांना ठाऊक आहे. कीड दिसते, काळा खड्डा दिसतो. पण दाताला तडाही जातो, आणि हा तडा पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. दात वरून धडधाकट, आणि आत मात्र फुटत चाललेला. आजचे बोलणे या न दिसणाऱ्या तड्याबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आमच्या भागातले एक बागायतदार गृहस्थ माझ्याकडे गणपतीच्या दिवसांत आले. रुमाल गालाला धरलेला. म्हणाले, "डॉक्टर, लोकांना सांगायची लाज वाटते. मोदक खाताना दाढ फुटली." मोदक उकडीचा. त्याने दाढ कशी फुटेल? मी तोंड पाहिले. खालची मागची दाढ मधोमध दुभंगली होती. चिमट्याने हलवली तर दोन्ही अर्धी वेगवेगळी हलत होती, आणि चीर हिरडीखाली मुळापर्यंत उतरलेली. ती दाढ काढावी लागली. दुसरा इलाज नव्हता.

मग मी मागची हकिगत विचारली. ती अशी. मार्च महिन्यात पहिला आंबा काढायला सुरुवात झाली तेव्हा एक दिवस सुपारीचे खांड चघळताना दाढेत कट्‌ असे झाले. क्षणभर डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि थांबले. नंतर दोन-तीन दिवसांनी भाकरीचा कडक पापुद्रा दाताखाली आला की मध्येच एक सणक यायची. रोज नाही, प्रत्येक घासाला नाही. आरशात पाहिले, बॅटरी मारून पाहिले, काही दिसले नाही. शेजारी म्हणाले, हवा भरली असेल. मग त्यांनी त्या बाजूने चावणेच बंद केले. आंब्याचा हंगाम, पेट्या भरायच्या, ट्रक गाठायचे. "आंबा संपू दे, मग बघू." आंबा संपला तर भाताची लावणी आली. लावणी संपली तर गणपती आले. त्या सहा महिन्यांत चीर केसाकेसाने खाली सरकत होती. मोदक बिचारा शेवटच्या दिवशी हजर होता, एवढाच त्याचा दोष.

ते गृहस्थ मार्चमध्ये आले असते तर बहुधा एका कॅपवर काम भागले असते. म्हणून तडा ओळखायचा कसा, हे आज जरा सविस्तर सांगतो.

आधी दात म्हणजे काय वस्तू आहे ते पाहू. दाताचे वरचे पांढरे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. हाडापेक्षाही कठीण. पण कठीण वस्तू ठिसूळही असते, काचेसारखी. त्याच्या खाली पिवळसर, थोडा लवचिक असा भाग असतो, त्याला डेंटिन म्हणतात. तो वरचे धक्के सोसून घेतो. आणि सगळ्यांत आत पोकळीत मऊ नस असते, तिच्यात रक्तवाहिन्या आणि संवेदना. आता पूर्ण जोर लावून चावले तर मोठ्या माणसाच्या दाढांवर पन्नास ते सत्तर किलोपर्यंत भार येऊ शकतो. भाताचे पोते एका दाढेवर ठेवण्यासारखेच हे. सगळ्या दाढेवर तो सारखा पसरला तर दाढ तो सोसते. पण मध्ये सुपारीचे खांड किंवा तांदळातला खडा आला, की तेवढा सगळा भार एका टिंबावर येतो. समोरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खोलगट भागात पाचरीसारखा घुसतो. लाकडाचा ओंडका आपण फोडतो तो याच रीतीने.

हाडाला आणि दाताला पडलेल्या चिरेत एक मोठा फरक आहे. हात मोडला तर हाड जुळून येते, कारण हाडात जिवंत पेशी असतात. दाताच्या कवचात त्या नसतात. त्यामुळे दाताचा तडा कोणत्याही औषधाने, मंजनाने, काढ्याने किंवा गोळीने सांधला जात नाही. तो आहे तिथेच थांबवता येतो, किंवा वाढू दिला जातो. मधली वाट नाही.

आता लक्षणे. पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे चावतानाची सणक. नीट लक्ष दिले तर कळेल की पुष्कळदा चावताना दुखते त्याहून जास्त, दात सोडताना दुखते. घास दाबला, आणि जबडा उघडायला लागलो की कळ जाते. असे का? ओंडक्यात पाचर मारली की फट उघडते, पाचर काढली की मिटते. दाताचेही तसेच. दाबाने चीर अंशभर उघडते, दाब सुटला की मिटते. डेंटिनमध्ये अगदी बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. चिरेची उघडझाप झाली की तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला चिमटा बसतो. विजेसारखी कळ येते आणि क्षणात नाहीशी होते.

दुसरे लक्षण, गार लागणे. थंड पाणी, आइस्क्रीम, कधी नुसता गार वारा तोंडात गेला तरी त्या एका दाढेत झिणझिणते. कधी गोडही लागते. तिसरे, दुखणे येते-जाते. आठ दिवस काही नाही, मग एका घासाला अचानक सणक. माणूस म्हणतो, बरे झाले. चौथे, आणि हे फार फसवे, नेमकी कोणती दाढ दुखते ते सांगता येत नाही. "इथे कुठेतरी," म्हणून माणूस गालावरून हात फिरवतो. कधी खालचे दुखणे वर वाटते, कधी कानात वाटते. आतल्या नसेला जागा दाखवण्याची जाण कमी असते, म्हणून असे होते. आपली चूक नाही. रुग्ण वेडगळपणा करतो आहे असे घरच्यांनीही समजू नये. बायकांच्या बाबतीत तर "तुझं रोज काहीतरी असतंच," असे म्हणून विषय संपवला जातो. तसे करू नका.

या दुखण्याला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले तेही फार जुने नाही. 1964 साली कॅमरून नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने तडा गेलेल्या दाताची ही लक्षणे एकत्र मांडून त्यांना नाव दिले. त्याआधी अशा रुग्णांना वर्षानुवर्षे या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे हिंडावे लागे, आणि आजही काहींना लागते.

कीड लागलेल्या दाताचे दुखणे थोडे वेगळे असते. कीड खोल गेली की गरम लागले तरी दुखते, रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढतो, आणि खड्डा सहसा दिसतो. हिरडीचे दुखणे असेल तर हिरडी सुजते, रक्त येते, दात हलतो. सर्दी नाकात साचली असेल तर वरच्या तीन-चार दाढा एकदम जड वाटतात आणि खाली वाकले की जास्त दुखतात. यांपैकी काही नाही, दात दिसायला चांगला, आणि एकाच जागी चावताना सणक, असे असेल तर तडा गेल्याचा संशय घ्यावा. मात्र एक लक्षात असू द्या. तडा खोलवर जाऊन नसेला सूज आली की मग रात्रीचा ठणकाही सुरू होतो. तेव्हा तो कशाचा हे घरी ओळखण्याच्या भानगडीत पडू नका.

घरी एक साधी परीक्षा करता येते. स्वच्छ कापसाची बोटाच्या पेराएवढी घट्ट वळी करा, पाण्याने ओली करा. ती एकेका दाढेवर ठेवून हळूच चावा आणि हळूच सोडा. ज्या दाढेवर सोडताना सणक येईल तिची जागा लक्षात ठेवा. एकदाच करा. पुन्हा पुन्हा चावून पाहिले तर तडा वाढवण्याचेच काम आपण करू. आणि सुपारी घालून तर मुळीच पाहू नका. एका गृहस्थांनी "खात्री करून घेतली" आणि दाढेचा तुकडा कागदात बांधून आणला!

मोबाइलची बॅटरी तोंडात मारून पाहिलीत तर पुढच्या पटाशीच्या दातांवर उभ्या बारीक रेघा कदाचित दिसतील. त्यांना पाहून घाबरू नका. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या दातांवर अशा रेघा असतात. त्या वरच्या कवचापुरत्याच असतात, दुखत नाहीत, आणि त्यांना काही करावे लागत नाही. रेघ दिसली म्हणजे तडा गेला, आणि दिसली नाही म्हणजे गेला नाही, असे दोन्ही समज चुकीचे आहेत.

दवाखान्यात आम्ही काय करतो? पहिले म्हणजे आपले बोलणे ऐकतो. निम्मे निदान तिथेच होते. मग दाढेच्या एकेका उंचवट्यावर लहानशी काडी ठेवून चावायला सांगतो. गार लावून पाहतो. एका बाजूने बारीक प्रखर उजेड टाकतो. चांगल्या दातातून तो आरपार जातो, तडा गेलेल्या दातात चिरेपाशी अडतो, अर्धा दात उजळ आणि अर्धा काळोखात राहतो. कधी निळा रंग लावतो, तो चिरेत शिरतो आणि रेघ उठून दिसते. जुनी चांदी भरलेली असेल तर ती काढून तळ पाहावा लागतो. हिरडी आणि दात यांच्या फटीत बारीक सळई घालून मोजतो. एकाच ठिकाणी ती खोल उतरली तर चीर मुळाकडे गेल्याची शंका येते.

"एक्स-रे काढला, त्यात काही नाही," असे सांगत पुष्कळ जण येतात. एक्स-रे काढावाच लागतो, मुळाशी गाठ आहे का ते त्यात कळते. पण दाढेतला तडा बहुधा पुढून मागे जातो, आणि एक्स-रे गालाकडून जिभेकडे निघतो. दोन फळ्या एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या आणि समोरून पाहिल्या तर मधली फट दिसत नाही, कडेने पाहिल्या तरच दिसते. तसेच हे आहे. तेव्हा एक्स-रे चांगला आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

आता उपचार. दाढेचा एखादा कोपराच तुटला असेल आणि नस उघडी पडली नसेल, तर ते त्यातल्या त्यात बरे. तुकडा निघून गेला की सणकही थांबते. पण म्हणून घरी बसू नये. उरलेला दात भरून किंवा कॅप घालून बांधून घ्यावा लागतो.

कोपरा तुटलेला नाही, पण दाढेत चीर आहे आणि नस अजून चांगली आहे, अशा दाताला चहूबाजूंनी आवळून धरणे हा खरा उपचार. आमच्या जुन्या मंडळींना बैलगाडीचे लाकडी चाक आठवत असेल. त्याला लोखंडी धाव बसवायचे. विस्तवात लाल करून चढवायची, वर पाणी ओतायचे, की ती आकसून सगळे चाक आवळून धरायची. धाव सैल झाली की चाकाचे पाटे सुटायला लागत. दाताची कॅप तेच काम करते. चीर सांधत नाही, पण दोन भागांना फाकू देत नाही. फाकले नाहीत की सणक येत नाही आणि चीर पुढे सरकण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. कधी आम्ही आधी स्टीलची पातळ रिंग किंवा तात्पुरती कॅप बसवून दोन-तीन आठवडे वाट पाहतो. दुखणे थांबले तर कायमची कॅप.

कॅपसाठी दात सगळ्या बाजूंनी थोडा घासावा लागतो. यावर लोक नाराज होतात. "चांगला दात बारीक कशाला करता?" प्रश्न रास्त आहे. पण तो दात आता चांगला राहिलेला नाही, म्हणूनच हा खटाटोप. नुसते सिमेंट भरून भागेल का, असेही विचारतात. दाताला धरून राहणारे हल्लीचे सिमेंट लहानशा चिरेला काही काळ उपयोगी पडते. पण ज्या दाढेने रोज भाकरी चावायची आहे तिला सहसा कॅपच लागते.

रात्रीचा ठणका असेल, गरम लागून दुखणे मिनिटे न्‌ मिनिटे रेंगाळत असेल, तर नस निकामी झाली असे समजावे. मग आधी रूट कॅनाल, म्हणजे आतली नस साफ करून पोकळी भरणे, आणि नंतर कॅप. इथे एक मोठी चूक आमच्याकडे रोज पाहायला मिळते. रूट कॅनाल झाले, दुखणे थांबले, की माणूस कॅप घालायला येतच नाही. रूट कॅनालसाठी दात आतून कोरलेला असतो, तो कमकुवत झालेला असतो. अशी कॅप न घातलेली दाढ पुढे उभी चिरू शकते, आणि मग आधीचा सगळा खर्च पाण्यात जातो. पैशाची सोय नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. हप्त्याने काम होते, साध्या धातूची कॅप होते. दातासारख्या रंगाचीच हवी असा हट्ट मागच्या दाढेला करायचे कारण नाही.

आणि चीर हिरडीखाली मुळापर्यंत गेली, दाढेचे दोन भाग वेगळे हलू लागले, तर मात्र दाढ काढावी लागते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वेळेवर कॅप घातली म्हणजे दरवेळी सगळे मिटतेच असे नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, तडा गेलेल्या पण नस वाचेल असे वाटणाऱ्या दातांना कॅप घातल्यावरही पाचात साधारण एका दाताला सहा महिन्यांच्या आत रूट कॅनाल करावे लागले. चीर किती खोल आहे हे बाहेरून पूर्ण कळत नाही, म्हणून असे होते. तेव्हा कॅपनंतर पुन्हा दुखले तर डॉक्टरांनी फसवले असे समजून बसू नका, परत जा. पण हेही पाहा, की उरलेल्या चौघांचे काम कॅपवर भागले.

दवाखाना गाठेपर्यंत काय करावे? त्या बाजूने चावू नये. मऊ भात, पेज, आंबील, खिचडी असे खावे. फार गार, फार गरम टाळावे. जेवणानंतर कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरावी. दुखले तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, पुढच्या गोळीपर्यंत सहा तासांचे अंतर ठेवावे. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर तीही विचारल्याशिवाय घेऊ नये. दुकानातून "जोराची" गोळी मागून रिकाम्या पोटी घेण्याची पद्धत वाईट. त्याने पोटात जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि दोन-चार अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊन तडा बरा होत नाही.

लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिरपणा येतो हे खरे. एक थेंब कापसाला लावून दाताच्या वरच ठेवावा, हिरडीला लागू देऊ नये, हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाताशेजारी दाबून ठेवतात, तिनेही हिरडी आणि गाल भाजतो. आणखी एक सांगतो, हसू नका. एका म्हाताऱ्या बाबांनी पायाच्या भेगांना लावतात ते काजूच्या सालीचे तेल दाताच्या भेगेला लावले. "भेग ती भेगच ना," म्हणाले. ओठ आणि जीभ सोलून निघाली, आठ दिवस पाण्याचा घोट जाईना. काजूतेल, बिब्बा, रॉकेल, बॅटरीचे पाणी, यांतले काहीही तोंडाजवळ नेऊ नका. मिश्री लावून ठणका दबतो असे आमच्या भगिनी सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दाताचे काही भले करत नाही, आणि तोंडाच्या कॅन्सरला वाट करून देते.

गालावर किंवा जबड्याखाली सूज आली, ताप भरला, तोंड उघडेनासे झाले, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात न्या. वाहन नसेल तर 108 ला फोन करा. दाताचा पू मानेत उतरला तर जिवावर बेतते. मधुमेह असलेल्यांनी याबाबत जास्तच जपावे.

आता तडा जाऊ नये म्हणून काय करावे. आमच्या कोकणात दाताला कामे फार. गुहागर-दापोलीकडे घराघरांत सुपारी, आणि प्रत्येक पानाच्या डब्यात अडकित्ता. तरी अख्खे खांड दाढेखाली घालून फोडण्यात काय मर्दुमकी आहे कळत नाही. अडकित्ता आजोबांनी कशासाठी ठेवला होता? सुपारी दाढा झिजवते, फोडतेही, हा एक भाग झाला. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तंबाखू न घातलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक ठरवली आहे. सुपारी रोज चघळून तोंड हळूहळू उघडेनासे होते, असे रुग्ण आम्ही पाहतो. बागायतदारांना हे ऐकायला आवडणार नाही. माझ्या स्वतःच्या घरीही पोफळी आहेत. तरी सांगणे भाग आहे.

कुर्ल्यांच्या नांग्या दातांनी फोडू नका. वरवंटा घ्या, रसही जास्त मिळतो. भाजलेले चिंचोके पोरांच्या खिशात असतात, ते दगडासारखे असतात. तांदूळ, नाचणी, कुळीथ सुपात घेऊन नीट निवडा; घाईत राहिलेला एक खडा कॅपच्या किमतीचा पडतो. पेटीची सुतळी दातांनी तोडणे, सोड्याच्या बाटलीचे बूच दातांनी काढणे, जाळे विणताना नायलॉनचा दोरा दातात धरून ओढणे, ही सगळी कामे कोयती-कात्रीची आहेत. मिरकरवाड्याच्या आणि हर्णैच्या काही खलाशांच्या पुढच्या दातांत दोऱ्याने पडलेली खाच मी पाहिली आहे.

एका बाजूच्या दाढा काढलेल्या असतील तर सगळा भार दुसऱ्या बाजूवर पडतो आणि तिथे तडे जातात, म्हणून गेलेल्या दाढेच्या जागी दात बसवून घ्यावेत. झोपेत करकरा दात खाण्याची सवय असेल तर ते झोपणाऱ्याला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळते. तिने किंवा त्याने सांगावे. त्यासाठी रात्री दातांवर बसवायचा प्लास्टिकचा पट्टा मिळतो.

आंबा काढताना फांदीवरून पडून दात तुटण्याचे प्रसंगही घडतात, विशेषतः मुलांचे. तुटलेला तुकडा सापडला तर तो दुधात घालून आणा, पुष्कळदा तो चिकटवता येतो. आख्खा दात मुळासकट निघाला असेल आणि तो पक्का दात असेल, तर मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरा. माती लागली असेल तर दुधात किंवा पाण्यात हलकेच बुचकळून काढा, घासू नका. जमले तर जागेवर बसवा, नाही तर दुधाच्या पेल्यात घाला आणि लगेच निघा. अर्ध्या-एक तासात पोहोचलात तर दात जगण्याची आशा चांगली. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

दवाखान्यात कुठे जावे? जिल्हा रुग्णालयात दंतविभाग आहे. तालुक्याच्या रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात ते आपल्या गावच्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारून जा, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. खेडला दंत महाविद्यालय आहे. अशा शिकवणीच्या रुग्णालयांत खर्च साधारणपणे कमी येतो, मात्र वेळ हाताशी ठेवून जावे लागते. सरकारी दवाखान्यात कॅपची सोय सगळीकडे असेलच असे नाही, पण तडा आहे की नाही आणि किती घाई करायला हवी, एवढे तरी तिथे कळते.

जाताना चार गोष्टी आठवून जा. सणक पहिल्यांदा कधी आली आणि तेव्हा काय खात होतात. चावताना येते की सोडताना. गार-गरम लागल्यावर दुखणे किती वेळ टिकते. आणि रात्री झोपेतून उठवते का. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटे सोबत न्या. बाई गरोदर असेल तर तसे आधी सांगा. दुखणे थांबलेले असले तरी ठरलेल्या दिवशी जा. आंब्याच्या पेट्या त्या दिवसापुरत्या घरातले दुसरे कोणी भरेल.